पुण्याची बीआरटी : रस्ता झाला, बस राहिली

बीआरटी म्हणजे बस रॅपिड ट्रान्झिट, मराठीत सांगायचे तर जलद बस वाहतूक. शहरातल्या रस्त्याचा एक पट्टा फक्त बससाठी राखायचा, त्यावर मेट्रोच्या स्थानकांसारखे उंच फलाट बांधायचे आणि ठरावीक अंतराने इतक्या बस सोडायच्या की प्रवाशाला वेळापत्रक पाहावेच लागू नये, ही तिची मूळ कल्पना. भारतात हा प्रयोग सर्वांत आधी पुण्यात झाला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज ते स्वारगेट या सातारा रस्त्यावर राखीव मार्गिकेतून बस धावू लागल्या. नंतर तोच मार्ग स्वारगेटहून सोलापूर रस्त्याने हडपसरपर्यंत नेण्यात आला. दोन्ही मिळून लांबी सोळा किलोमीटरांच्या आसपास भरली.

हडपसरपर्यंतचा हा तुकडा शहराबाहेरच्या माणसालाही चांगला ओळखीचा आहे. पाटसहून पुण्याला निघालेली एसटी वरवंड, चौफुला, यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर अशी गावे मागे टाकत येते आणि हडपसरच्या गाडीतळाला शहरात शिरते. पाटस ते पुणे हे अंतर साठेक किलोमीटर. त्यातला शेवटचा आठ किलोमीटरांचा, गाडीतळ ते स्वारगेट हा टप्पा प्रवाशाच्या सहनशक्तीची परीक्षा पाहतो. मगरपट्टा चौक, वैदूवाडी, रामटेकडी, फातिमानगर, भैरोबा नाला, पुलगेट अशी एकेक ठिकाणे ओलांडताना खिडकीबाहेरचे दृश्य बदलत नाही आणि घड्याळ मात्र पुढे सरकते. दौंड, इंदापूर, बारामती या सगळ्या तालुक्यांची पुण्याकडे येणारी वाट हीच असल्यामुळे या आठ किलोमीटरांवर काय घडते, हा फक्त पुणेकरांचा प्रश्न कधीच नव्हता.

बीआरटीचा जन्म ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात झाला. पेशाने वास्तुविशारद असलेले जेमी लर्नर १९७१ मध्ये तिथले महापौर झाले. भुयारी रेल्वे बांधण्याइतका पैसा शहराकडे नव्हता, म्हणून रेल्वेचे गुण बसला द्यायचे त्यांनी ठरवले आणि १९७४ मध्ये पहिली राखीव बसवाट सुरू झाली. पुढे तिथे काचेच्या नळीसारखी स्थानके आली. प्रवासी आत शिरतानाच तिकीट काढतो, बसच्या उंचीच्या फलाटावर उभा राहतो आणि बस आली की सगळी दारे एकदम उघडतात. कोलंबियाच्या बोगोटा शहरात महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या कारकिर्दीत, डिसेंबर २००० मध्ये ‘ट्रान्समिलेनिओ’ सुरू झाली आणि बस एका दिशेला तासाला चाळीस हजारांहून अधिक माणसे वाहू शकते, हे जगाला दिसले. तोवर एवढी क्षमता फक्त रेल्वेची मानली जात असे.

भारतात या कल्पनेला पैसा मिळाला तो जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून. हे अभियान डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या आकाराच्या शहरासाठी खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा आणि उरलेला ३० टक्के महापालिकेचा, अशी वाटणी होती. पाठोपाठ २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले. रस्ते गाड्या हलवण्यासाठी नसून माणसे हलवण्यासाठी आहेत, असे त्या धोरणाने स्पष्ट केले. धोरण चांगलेच होते. पण अनुदान मिळते ते बांधकामाला, आणि बांधकाम म्हटले की काँक्रीट आधी येते. पुण्याच्या बीआरटीची निम्मी कहाणी एवढ्यातच आहे.

बस कंपनीसुद्धा त्या वेळी एकच नव्हती. पुण्याची पीएमटी वेगळी, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगळी. दोन्हींचे विलीनीकरण होऊन २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे पीएमपीएमएल किंवा नुसती पीएमपी, अस्तित्वात आले. बीआरटीचा पहिला रस्ता आधी झाला आणि तो चालवणारे महामंडळ नंतर जन्मले.

राखीव मार्गिकेचे गणित साधे आहे, आणि ते समजल्याशिवाय या योजनेवरचा कुठलाही वाद समजत नाही. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका पट्ट्यातून तासाला सातशे मोटारी गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरला, तर तासाला साधारण एक हजार पन्नास माणसे पुढे सरकतात. त्याच पट्ट्यातून दर मिनिटाला एक बस गेली आणि प्रत्येकीत साठ प्रवासी असले, तर आकडा तीन हजार सहाशेवर जातो. म्हणजे जागा तेवढीच आणि माणसे तिपटीहून जास्त. आता बस मिनिटाला एक न येता पाच मिनिटांनी एक आली, तर तासाला बारा बस आणि सातशे वीस प्रवासी, म्हणजे मोटारींपेक्षाही कमी. मार्गिका तीच आणि थांबेही तेच, तरीही फेऱ्या पुरेशा नसतील तर राखीव जागा वाया जाते. बीआरटी यशस्वी होणार की फसणार, हे दुभाजकाच्या दगडांवर ठरत नाही. ते आगारातून किती गाड्या वेळेवर बाहेर पडतात यावर ठरते.

याच हिशेबात आणखी एक गंमत दडलेली आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी बस मिनिटाला चारशे मीटरांहून थोडे अधिक अंतर कापते. म्हणजे मिनिटाला एक बस अशी उत्तम सेवा असली, तरी दोन बसमध्ये चारशे मीटर रस्ता मोकळाच दिसणार. शेजारच्या मार्गिकेत अडकलेल्या दुचाकीस्वाराला तो मोकळा पट्टा म्हणजे उधळपट्टी वाटते. प्रत्यक्षात रस्ता तुंबलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण बस पाच मिनिटांनी येत असेल तर तीच रिकामी जागा दोन किलोमीटरांची होते. मग दुचाकीस्वाराची तक्रार खरीही ठरते आणि घुसखोरीला सार्वजनिक सहानुभूतीही मिळते. एकदा दुचाकी घुसली की तिच्या मागे रिक्षा येते, रिक्षेच्या मागे मोटार, आणि बसचा वेग शेजारच्या कोंडीइतकाच होतो. फाट्याफाट्यावर उभे केलेले वॉर्डन ही साखळी किती वेळ रोखणार!

मार्गिका रस्त्याच्या मधोमध का असते, हा प्रश्न पुण्यात फार विचारला गेला. कडेची मार्गिका आपल्याकडे टिकत नाही, हे त्याचे उत्तर आहे. कडेला दुकानापुढे गाडी लागते, टेम्पोतून माल उतरतो, हातगाडी उभी राहते, प्रत्येक गल्लीतून वाहन बाहेर येते. मधल्या मार्गिकेला हा त्रास नाही. मात्र त्याची किंमत पायी चालणारा मोजतो. बस पकडायला प्रत्येक प्रवाशाला अर्धा रस्ता ओलांडावाच लागतो. म्हणून मधल्या मार्गिकेबरोबर सिग्नल असलेले पादचारी मार्ग, वेग कमी करणारे उंचवटे आणि सलग पदपथ बांधणे ही सजावट नसून गरज असते. पहिल्या प्रायोगिक मार्गावर नेमके हेच अर्धवट राहिले. बस धावू लागल्या तेव्हा पदपथ आणि सायकल मार्ग पुरे नव्हते, रस्ता ओलांडण्याच्या सोयी तुटपुंज्या होत्या. अपघात झाले, माणसे दगावली, आंदोलने झाली, आणि बीआरटी म्हणजे जीवघेणा रस्ता हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसले. पहिल्या काही महिन्यांत पडलेला हा डाग पुढच्या कुठल्याही सुधारणेने पुसला गेला नाही.

दर आषाढी वारीला याच सोलापूर रस्त्यावरून लाखो माणसे पायी जातात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हडपसरहून सासवडकडे वळते, तर तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्यानेच लोणी काळभोर, यवत, वरवंड करत पाटसला येते आणि रोटी घाटातून बारामतीकडे जाते. पाटसपासून पुढे पालखी मार्गाचे चौपदरीकरण होताना वारकऱ्यांसाठी पायवाटेचा वेगळा विचार केला गेला. शहरात मात्र चालणाऱ्या माणसाला वर्षातून एकच दिवस रस्ता मिळतो.

प्रायोगिक मार्गात दुसरा दोष रचनेचा होता. सोलापूर रस्त्याचा मधला भाग पुणे छावणी मंडळाच्या हद्दीतून जातो. तिथे रुंदी कमी आणि अखत्यार वेगळा. त्यामुळे राखीव मार्गिका सलग राहिली नाही. ती मध्येच संपे आणि पुढे पुन्हा सुरू होई. राखीव वाट जिथे तुटते तिथे बसला सामान्य वाहनांच्या गर्दीत घुसावे लागते, आणि आधीच्या दोन किलोमीटरांत वाचवलेली मिनिटे त्या एका चौकात खर्च होतात. बसही बहुतांश नेहमीच्याच होत्या. दारे डावीकडे असल्यामुळे थांबे मार्गिकेच्या डाव्या हाताला, दोन वाहतुकींच्या मधल्या बेटांसारखे बांधावे लागले. तिकीट आत, कंडक्टरकडे. पायऱ्या चढून एकेक माणूस आत जाणार आणि मग घंटी वाजणार. हा सगळा वेळ गर्दीच्या थांब्यावर राखीव मार्गिकेचा फायदा खाऊन टाकतो.

अहमदाबादने पुण्याच्या चुकांचा अभ्यास केला, असे नियोजनकारांमध्ये म्हटले जाते. तिथली ‘जनमार्ग’ सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाली. स्थानके मधोमध, फलाट बसच्या उंचीचा, तिकीट स्थानकातच, चालवायला वेगळी कंपनी आणि सुरुवातीला जिथे रस्ता रुंद आहे असेच भाग. दिल्लीत मात्र उलटे घडले. २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद या सहा किलोमीटरांहून लहान पट्ट्यात बीआरटी सुरू झाली, मोटारवाल्यांचा रोष झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये मार्गिका उखडली गेली. अलीकडे भोपाळ आणि इंदूरनेही आपापल्या मार्गिका काढण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या कर्नाटकात हुबळी आणि धारवाड या जोडशहरांमधली बीआरटी २०२० च्या सुरुवातीस औपचारिकपणे खुली झाली. तिची जागा मात्र दोन शहरांना जोडणाऱ्या रुंद महामार्गावर आहे, हे तुलना करताना विसरून चालत नाही.

पुण्यातला दुसरा डाव ‘रेनबो बीआरटी’ या नावाने मांडला गेला. ऑगस्ट २०१५ च्या अखेरीस संगमवाडी ते विश्रांतवाडी आणि सप्टेंबरमध्ये औंध ते रावेत हे मार्ग सुरू झाले. त्याच वर्षी नाशिक फाटा ते वाकड आणि २०१६ मध्ये नगर रस्त्यावरचा येरवड्याकडून वाघोलीकडे जाणारा मार्ग खुला झाला. या खेपेला पहिल्या प्रयोगातले बरेच दोष दूर केलेले दिसतात. स्थानके मार्गिकांच्या मधोमध, बंदिस्त आणि सरकत्या दारांची. बसची जमीन रस्त्यापासून ९०० मिलिमीटर उंच, फलाटही तितकाच उंच, म्हणजे चाकाची खुर्ची थेट आत जाते. बसला उजवीकडेही दारे, कारण स्थानक उजव्या हाताला येते. शहराच्या इतर रस्त्यांवर त्याच बसची डावी दारे उघडतात.

इथे पुण्याने एक शहाणपणाचा निर्णय घेतला होता, आणि त्याचे श्रेय फारसे दिले जात नाही. अहमदाबादची पद्धत बंद प्रकारची. बस फक्त राखीव मार्गावर फिरते आणि बाकीच्या शहराला जाण्यासाठी प्रवाशाने गाडी बदलायची. पुण्याची पद्धत खुली. बस वस्तीतून निघते, राखीव मार्गावर येते, वेगाने अंतर कापते आणि बाहेर पडून दुसऱ्या वस्तीत जाते. चीनमधल्या ग्वांगझू शहराने २०१० मध्ये हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. पुण्याचा विस्तार पेठांपासून वाघोली-मांजरीपर्यंत वेडावाकडा झालेला असल्यामुळे गाडी न बदलता घराजवळ उतरवणारी बस इथे जास्त उपयोगाची. तिचा तोटा एकच. राखीव मार्गाबाहेर कोंडीत अडकलेली बस उशीर घेऊनच आत येते, मग एकाच वेळी तीन गाड्या पाठोपाठ आणि नंतर पंधरा मिनिटे काहीच नाही, असे होते. त्यावर उपाय म्हणून नियंत्रण कक्ष आणि जास्तीच्या गाड्या लागतात. शिवाय मार्गिकेत एखादी बस बंद पडली तर तिला वळसा घालून पुढे जायला जागाच नसते. जुन्या गाड्यांच्या ताफ्यात ही वेळ वारंवार येते.

पिंपरी-चिंचवडची गोष्ट वेगळी झाली. तिथले रस्ते मुळातच रुंद, महापालिकेकडे पैसा, आणि काही मार्गांना जागतिक बँकेचे साहाय्य. तरीही दापोडी ते निगडी या जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरची मार्गिका बांधून कित्येक वर्षे धूळ खात पडली. सुरक्षेच्या मुद्द्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आयआयटी मुंबईकडून तपासणी झाली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बस धावू लागल्या. पदपथ, दिवे, वेगरोधक, रस्ता ओलांडण्याचे सिग्नल या गोष्टी न्यायालयाच्या दारात गेल्यावरच पूर्ण होतात, हे कुठल्याच महापालिकेला भूषणावह नाही. पण आज पुणे परिसरात बीआरटी बरी कुठे चालते असे विचारले, तर बोट पिंपरी-चिंचवडकडेच दाखवावे लागते.

पुणे शहरात उलटी दिशा दिसते. मेट्रोची कामे सुरू झाली तसे नगर रस्त्यावरच्या बीआरटीचे पट्टे आक्रसत गेले, आणि २०२३ च्या सुमारास वाहतूककोंडीचे कारण देऊन तिथली स्थानके व कठडे टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात झाली. सोलापूर रस्त्यावरचा मूळ मार्ग तर त्याआधीच नावापुरता उरला होता. मेट्रोमुळे बीआरटीची गरज संपली, हा युक्तिवाद वरवर पटतो. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा सुमारे ३१ किलोमीटरांचा खर्च ११,४२० कोटी रुपये होता. म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटींहून अधिक. बीआरटीचा खर्च त्याच्या लहानशा अंशात भागतो. मेट्रो जिथे हवी तिथे हवीच. पण प्रत्येक रस्त्यावर ती येणार नाही, आणि जिथे येणार आहे तिथेही यायला वर्षे लागतात. दरम्यान जाणारी माणसे बसनेच जातात. रोज सुमारे दहा लाख माणसे पीएमपीने प्रवास करतात, आणि त्यांना दोन हजारांच्या आसपास गाड्या पुरवल्या जातात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लोकसंख्या पाऊण कोटीच्या घरात गेली असताना हा ताफा किती अपुरा आहे, ते कुणी वेगळे सांगायची गरज नाही.

‘परिसर’सारख्या संस्था आणि पीएमपी प्रवासी मंचाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे हेच सांगत आले, आधी बस वाढवा, मग मार्गिकेचे भांडण करा. त्यांच्या म्हणण्याकडे महापालिकेचे लक्ष गेले, पण अंदाजपत्रकाचे गेले नाही. उड्डाणपुलाचे उद्घाटन करता येते. पाच मिनिटांऐवजी दोन मिनिटांनी बस येऊ लागली, तर फीत कापायची कुठे?

एक बदल नोंदवण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०१९ पासून पीएमपीने विजेवरच्या बस आणल्या, आणि त्यांच्या सुरुवातीच्या आगारांपैकी एक हडपसरजवळ भेकराईनगरला आहे. त्यांतल्या बारा मीटर लांबीच्या गाड्या बीआरटीच्या उंच फलाटांना साजेशा आहेत. ज्या रस्त्यावर देशातली पहिली बीआरटी चुकीच्या गाड्यांनिशी सुरू झाली, त्याच्या तोंडाशी योग्य गाड्या आल्या तेव्हा मार्गिका राहिली नव्हती.

आता सोलापूर रस्त्याचे भवितव्य पुन्हा आखले जात आहे. हडपसरपासून यवतपर्यंत रस्ता सहापदरी करून त्यावर उन्नत मार्ग बांधण्याची राज्य शासनाची योजना आहे. यवत म्हणजे पाटसच्या अलीकडे अर्ध्या तासाचे अंतर. तो पूल झाला तर पाटस, वरवंड, चौफुल्याची गाडी आजच्यापेक्षा लवकर हडपसरला पोचेल यात शंका नाही. प्रश्न त्यानंतरच्या आठ किलोमीटरांचा आहे. पुलावरून वेगाने आलेली सगळी वाहने गाडीतळाला त्याच जुन्या रस्त्यावर उतरणार आहेत. तिथून स्वारगेटपर्यंत एसटी आणि पीएमपी या दोघींना मिळून एक राखीव पट्टा द्यायचा असेल, तर तो आराखड्यावर आत्ताच आखावा लागेल, आणि दौंड, बारामती, इंदापूरच्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी पुण्याच्या महापालिकेकडे आग्रह धरायला हवा. त्या पट्ट्यातून जाणाऱ्यांत त्यांचे मतदार पुणेकरांपेक्षा कमी नसतील.